रद्द केलेल्या कामांची जागा

व्हरांड्याच्या कडेला चपलांचा जोड काढून ठेवलेला दिसला की आम्ही ओळखायचो, मशीन पडलंय आणि सातकर कागदावर चालताहेत.

हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, बाईचं डोकं फिरलंय. गोष्ट सत्तरच्या दशकातली. लोणावळ्याच्या टेकडीवर आमच्या संस्थेचं गणना केंद्र होतं आणि त्यात एक कॉम्प्युटर होता. एक म्हणजे एकच, पण दालन भरून कपाटंच कपाटं. आम्ही त्याला नुसतं 'मशीन' म्हणायचो. मी तिथली ऑपरेटर. भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घालायचे, काम सुरू करून द्यायचं, छापून आलेले कागद फाडून ज्याचे त्याला द्यायचे आणि सगळ्याची नोंद वहीत करायची. मशीन मधेच थांबलं, की त्याच्या स्मरणात त्या क्षणी जे काही असेल ते सगळं आकड्यांत छापून काढता येई. त्याला डंप म्हणत. घड्या घातलेला एकसलग कागद, उलगडला तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाणारा. बाकीचे लोक तो टेबलावर ठेवून एकेक घडी उलटत वाचायचे. सातकरांना ते जमत नसे. ते तो व्हरांड्यात अंथरायचे, चपला काढायचे, पँट दोन घड्या वर करायचे, पेन्सिल कानावर ठेवायचे आणि हात पाठीशी बांधून, कमरेत वाकून त्यावरून चालत सुटायचे. एखाद्या आकड्यापाशी थबकायचे, पुटपुटायचे, पुन्हा चार पावलं मागे. मशीनचे आकडे आठाच्या हिशेबातले, म्हणून मोजताना दोन्ही अंगठे दुमडून आठच बोटं वापरायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांच्या अंगठ्यांना काही झालंय की काय.

त्यांच्या जागेचं नाव सिस्टिम प्रोग्रॅमर. मशीनमध्ये सगळ्या कामांच्या वर देखरेख करणारा एक मोठा प्रोग्रॅम असतो. त्याचं परदेशी नाव सुपरवायझर. सातकर त्याला 'मुकादम' म्हणत. एका वेळी दोन-तीन कामं आत असायची. कुणाला किती जागा द्यायची, काम संपलं की ती परत कशी घ्यायची, हे सारं मुकादमानं बघायचं. मोकळ्या जागेच्या तुकड्यांची एक साखळी असे, आणि प्रत्येक तुकड्यात पुढचा मोकळा तुकडा कुठं आहे ते लिहिलेलं असे. मुकादम मागेल त्याला साखळीतला तुकडा काढून देई, परत आला की पुन्हा साखळीत ओवून टाकी. ही सगळी व्यवस्था सातकरांना तोंडपाठ होती. परदेशातून आलेल्या या मुकादमात त्यांनी आपल्या हातानं कितीतरी भर घातली होती, आणि मुकादम बिघडला तर केंद्रात त्याला हात लावायची हिंमत दुसऱ्या कुणात नव्हती.

या माणसाला थांबणं ठाऊकच नव्हतं. चहा अर्धा प्यायचे आणि कप हातातून सुटेल तिथं ठेवून पुढं जायचे. खिडकीत, कपाटावर, एकदा तर माझ्या उघड्या नोंदवहीवर. त्या दिवशी मी त्यांना जे बोलले ते इथं लिहीत नाही. मी तोंडाची फटकळ, केंद्रात सगळे मला जरा टरकून असायचे. सातकर मात्र ऐकून घेता घेताच खोलीबाहेर गेलेले असायचे, त्यामुळं माझी निम्मी वाक्यं दाराला ऐकवावी लागत.

राहायला ते कान्ह्याला. घरची भातशेती, थोरले भाऊ ती बघायचे, हे रोज लोकलनं येऊन जाऊन करायचे. गाडी उशिरा आहे असं कळलं की स्टेशनात उभं राहण्याऐवजी रुळांच्या कडेनं कामशेतच्या दिशेनं चालू लागत, पुढच्या स्टेशनात पकडू म्हणून. एकदा निम्म्या वाटेत गाडी त्यांच्या शेजारून धडधडत निघून गेली. त्या दिवशी चांगले दीड तास उशिरा आले, घामानं निथळत, आणि चेहऱ्यावर खंत कसली ती नाही. मी म्हटलं, अहो, जागेवर उभे राहिला असतात तर वेळेवर पोचला असतात.

"पण दातारबाई," ते म्हणाले, "उभं राहावं लागलं असतं ना."

याच अधीरपणातून त्यांचं ते गाजलेलं काम झालं. एका हिवाळ्यात कुणा संशोधकाचा प्रोग्रॅम बिघडला आणि प्रिंटरवर एकच ओळ पुन्हा पुन्हा छापत सुटला. तो थांबवायचा तर अख्खं मशीन थांबवावं लागणार, म्हणजे शेजारी चाललेली दुसऱ्यांची कामंही पाण्यात. म्हणून आम्ही सगळे हातावर हात ठेवून कागदाचा ढीग वाढताना बघत बसलो. सातकर प्रिंटरभोवती नुसते घिरट्या घालत होते. त्यांना ते बघवेना. त्या आठवड्यात त्यांनी मुकादमात एक नवा भाग लिहून घातला. मी मशीनला जोडलेल्या टाइपरायटरवर दोन अक्षरं आणि कामाचा नंबर मारायचा, की तेवढंच काम जागच्या जागी रद्द. बाकीच्यांना धक्का नाही. बटण असं काही नव्हतं, पण सगळे त्याला 'सातकरांचं बटण' म्हणू लागले. आमच्या बड्या साहेबांनी सगळ्यांना वडे खायला घातले आणि चार शब्द बोलले. ते बोलत असताना सातकर दोनदा बाहेर जाऊन आले.

मग पावसाळा आला. लोणावळ्याच्या ओलीचं कौतुक मला कुणी सांगू नये. माझा जन्म तिथला. चपलांना बुरशी, पापडांचा लगदा, वाळत घातलेलं लुगडं चार दिवसांनी तसंच. मशीनला तर ओल म्हणजे विषच. एरवी आठ महिने आम्ही मशीन रोज संध्याकाळी बंद करून घरी जायचो आणि सकाळी मुकादमाला नव्यानं आत भरायचो. पावसाळ्यात मात्र बंद करायचं नाही, रात्री काम नसलं तरी चालूच ठेवायचं, म्हणजे आतल्या आत उबदार राहतं. आणि दालनातली हवा कोरडी ठेवायला वातानुकूलनाचं यंत्र होतं, ते सांभाळायला कोंडीभाऊ.

कोंडिबा साबळे, लोहगडवाडीचे. चाळिशी उलटलेला, वाळक्या अंगाचा, कमी बोलणारा माणूस. रोजंदारीवर होते, त्या दसऱ्याला कायम करायचं ठरलं होतं. त्यांच्या खोलीत हवेतला दमटपणा नोंदणारं एक उपकरण होतं: गोल फिरणारा कागद आणि त्यावर शाईची रेघ ओढणारं पेन. ती रेघ सरळ राहावी म्हणून हा माणूस काय करायचा नाही! दारांच्या फटीत गोणपाट कोंबायचे, ओले पाय घेऊन कुणी आत आलं की, मग तो साहेब का असेना, त्याला परत बाहेर पाठवायचे. दार उघडं राहिलं तर माझ्यासारखीलाही म्हणायचे, "बाई, दार." एवढंच. दुसरा शब्द नाही.

आषाढात मशीन पडायला लागलं. चार-पाच दिवस नीट चालायचं आणि मग टाइपरायटरवर एक ओळ उमटायची, जागा शिल्लक नाही, आणि सगळं ठप्प. कामं तर नेहमीचीच, मग जागा गेली कुठं? आम्ही डंप काढायचो, मुकादमाला पुन्हा आत भरून सुरू करायचो, की पुन्हा चार-पाच दिवसांनी तेच. दर वेळी वेगळ्याच कामाच्या वेळी पडायचं. त्यामुळं बोट ठेवायला जागा सापडेना. वरून तारा यायला लागल्या. लोणावळ्याची हवा मानवत नसेल तर मशीन दुसरीकडं हलवू, अशी भाषा सुरू झाली.

मशीनच्या कंपनीचा इंजिनिअर मुंबईहून आला. भिंतीचे पोपडे बघितले, दालनात नाकानं वास घेतला आणि म्हणाला, स्मरणात ओल शिरलीय. मग कोंडीभाऊंचे गोल कागद मागवले. सगळ्या कागदांवर रेघ सुतासारखी सरळ. तेच त्यांच्या मुळावर आलं. लोणावळ्याच्या आषाढात इतकी सरळ रेघ येणं शक्य नाही, पेन हातानं धरून काढलीय, असं इंजिनिअरनं अहवालात लिहिलं. माणूस आपलं काम जास्तच चांगलं करतो म्हणून तो लबाड, हे तर्कशास्त्र मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

बड्या साहेबांनी सातकरांना विचारलं, तुम्ही इथलेच, तुम्हाला काय वाटतं? सातकर नेहमीप्रमाणं दारातच उभे होते, एक पाय बाहेर. म्हणाले, आमच्या घरी आषाढात मिठाचं पाणी होतं आणि काड्यापेटी चुलीशेजारी ठेवली तरी पेटत नाही. मशीनला ओल लागली यात नवल काय. आणि त्यांनी अहवालाखाली सही करून टाकली. मुंबईचा माणूस चुकला तर समजू शकतं, त्याला ओलीची सवय नसते. पण आम्ही मावळातली माणसं! काहीही बिघडलं की आधी पावसाकडं बोट दाखवायचं, ही आमची जन्माची खोड. मीही त्या दिवशी मान डोलावलीच होती. आपण उगाच सोवळं कशाला व्हा.

कोंडीभाऊंना बोलावून सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नका. ते म्हणाले, "म्या पेनला हात लावला न्हाई, सायेब. आन मागल्या पावसात बी हितं म्याच हुतो. तवा का न्हाई पडलं?"

कोंडीभाऊंनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली, घोंगडी घेतली आणि गेले. वाडीतली दोन माणसं लोणावळ्यात कामाला होती. कोंडीभाऊ घरी पोचायच्या आत बातमी वाडीत पोचली, सरकारी कागदात लबाडी केली म्हणून कोंडिबाला हाकलला. त्यांच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. पाहुण्यांकडून निरोप येईना झाला. हे मला पुढं कळलं. सातकरांना माझ्या आधी कळलं असावं, कारण त्या आठवड्यापासून त्यांचा चहा खिडकीत अर्धा नाही, भरलेलाच सापडू लागला.

मशीन पडायचं काही थांबलं नाही. नवा माणूस आला, त्याच्या कागदावरची रेघ नागमोडी झाली, तरी मशीन तितकंच पडत राहिलं. ना जास्त, ना कमी. साहेब म्हणाले, भिंतीत मुरलेली ओल आहे, निघायला वेळ लागेल. सातकर माझ्या टेबलापाशी आले, गेले, पुन्हा आले. रागावले की त्यांची घरची बोली वर यायची. "मागल्या पावसात का न्हाई पडलं? सांगा की. ओल तर हीच हुती." मी म्हटलं, मला काय विचारता, सही तुमची आहे. बोलून गेले आणि जीभ चावली. ते व्हरांड्यात गेले. जरा वेळानं बघते तर चपला कडेला.

या खेपेला त्यांनी एक नाही, तीन वेळच्या पडझडीचे तीन डंप शेजारी शेजारी अंथरले. घरून फडक्यात बांधून चिंचोके आणले होते. मोकळ्या जागेची साखळी पहिल्या तुकड्यापासून धरायची, तिथं एक चिंचोका. त्यात लिहिलेला पुढचा पत्ता शोधायचा, तिथं दुसरा. मग कामांना दिलेल्या जागांवर काड्या. दोन दिवस हेच. जाणारे-येणारे भिंतीला चिकटून जात. वाऱ्यानं कागद उडाला की सातकर असे खेकसायचे की माणूस दचकावा. मी जेवायला बोलावलं तर म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं." सकाळीही हेच म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली. साखळी तुटलेली नव्हती, फक्त आखूड झाली होती. कागदावर चिंचोके होते, काड्या होत्या, आणि मधेमधे अशा जागा होत्या जिथं काहीच नव्हतं. मुकादमाच्या हिशेबी त्या कुणाला तरी दिलेल्या, पण ज्यांना दिल्या ती कामं केव्हाच संपलेली. सगळ्या जागा अगदी एका मापाच्या. प्रिंटरकडं जाणारा मजकूर आधी ज्या मापाच्या तुकड्यात भरला जाई, त्या मापाच्या. डंपच्या उजव्या कडेला आकड्यांची अक्षरंही छापलेली असतात. सातकरांनी एका जागेवर अंगठा ठेवला आणि म्हणाले, "हे वाचा."

मी वाकून वाचलं. धरणाच्या भिंतीवरच्या दाबाचा एक तक्ता होता, निम्म्यात तुटलेला. मी तो ओळखला. आमच्याकडं येणाऱ्या एका जाडजूड संशोधकाचा तो तक्ता, आणि त्या दिवशी ओलीनं कागद फुगून प्रिंटरमध्ये अडकला होता. दुसऱ्या जागेत कुणाच्या तरी परीक्षेच्या गुणांची अर्धी ओळ. तीही माझ्या ओळखीची. मेलेल्या माणसांचे कपडे अजून खुंटीला लटकलेले दिसावेत तसं मला झालं.

मी म्हटलं, "सातकर, ही सगळी मी रद्द केलेली कामं आहेत."

मी माझी नोंदवही आणली. पावसाळ्यात कागद फुगतो, प्रिंटरमध्ये अडकतो, आणि अडकला की मी टाइपरायटरवर ती दोन अक्षरं मारून काम रद्द करायची, कागद सोडवायची, काम पुन्हा नव्यानं सुरू करायची. कोरड्या दिवसांत हे महिन्यातून एखाद वेळी, पावसात रोज चार-चारदा. प्रत्येक खेपेला मशीन सुरू केल्यापासून ते पडेपर्यंत मी किती कामं रद्द केली ते मी वहीतून वाचत गेले आणि ते अंगठे दुमडून कागदावरच्या बेवारस जागा मोजत गेले. दोन्ही आकडे बरोबर जुळले. तिन्ही डंपांत.

एवढं झाल्यावर बाकीचं माझ्याही डोक्यात शिरलं. काम रद्द केलं की त्याची सगळी जागा परत जायची, प्रिंटरसाठी घेतलेला तेवढा एक तुकडा मात्र राहायचा. एकेक तुकडा, एकेक तुकडा करत चार-पाच दिवसांत मशीनचा गळा आवळायचा. एरवी रोज संध्याकाळी मशीन बंद होई, सकाळी मुकादम कोऱ्या पाटीसारखा सुरू होई, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. पावसाळ्यात आम्ही मशीन बंदच करत नव्हतो. आणि मागच्या पावसाळ्यात पडलं नाही, कारण मागच्या पावसाळ्यात काम रद्द करायची सोयच नव्हती. कोंडीभाऊंनी बरोबर तेच विचारलं होतं.

सातकर अनवाणीच आपल्या खोलीत गेले. मागोमाग मीही. त्यांनी हिवाळ्यात लिहिलेल्या त्या भागाची छापील प्रत कपाटातून काढली आणि पानं उलटत एका जागी थांबले. तिथं समासात त्यांच्याच पेन्सिलीनं लिहिलं होतं: प्रिंटरचा तुकडा परत, नंतर. संध्याकाळी मशीन बंद होणारच आहे, तोवर काय बिघडतंय, असा विचार केला असणार. जन्मात एकदा हा माणूस 'नंतर' म्हणाला होता. मला त्यांची इतकी कीव आली की मी त्यांच्याकडं बघितलंच नाही, खिडकीतून बाहेर बघत राहिले.

दुरुस्ती चार ओळींची होती. अर्ध्या तासात कार्डं पंच झाली, मुकादम पुन्हा आत भरला. आठवडा गेला, दुसरा गेला, मी मुद्दाम कामं सुरू करून रद्द केली, मशीन पडलं नाही. बाहेर पाऊस कोसळतच होता.

बडे साहेब खूश झाले. वाईट माणूस नव्हता तो, नुसता सावध होता. म्हणाले, झालं ते चांगलं झालं, आता वर कळवू की हवा कोरडी ठेवण्याची व्यवस्था सुधारली. कोंडिबालाही पावसाळा सरल्यावर परत घेऊ, लेखी कशाला काही? सातकर तेव्हा साहेबांच्या टेबलासमोर होते, दोन्ही पाय खोलीच्या आत. मी नोंदवहीवर सही घ्यायला गेले होते म्हणून ऐकलं.

ते म्हणाले, "त्यांनी पेन धरलं असं आपण लिहून दिलंय, साहेब. ते कुणाच्या बोलण्यानं पुसलं जायचं नाही. लिहूनच पुसायला लागेल."

साहेबांनी समजावून पाहिलं. असं लिहिलंत तर सिस्टिमचं काम तुमच्याकडं ठेवता येणार नाही, वर सांगायला मला तोंड राहणार नाही. सातकर म्हणाले, बरोबर आहे. आणि तिथंच कागद ओढून लिहायला बसले. खाडाखोड न करता लिहिलं, कोंडीभाऊंना कायम करून परत घ्यायचं हेही त्यात घातलं, साहेबांची सही आणि शिक्का घेतला. तीन दिवसांत त्यांच्या बदलीचा हुकूम आला, दूर कुठल्याशा शाखेच्या ग्रंथालयात. मुकादमाशी, मशीनशी, कशाशी संबंध उरला नाही. मला संताप आला. मी त्यांना म्हटलंही, चूक कोण करत नाही, पण आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा? ते कागदपत्रं आवरत होते. म्हणाले, "लोहगडवाडीला चाललोय. येता?"

पुढच्या दिवसापासून मला आईच्या आजारपणासाठी रजा घ्यायची होती, परत येईन तेव्हा ते गेलेले असणार हे दिसतच होतं. म्हणून गेले. मळवलीला उतरलो, भाजे गावाच्या बाजूनं वर चढलो. पावसानं उघडीप दिली होती पण वाट सगळी निसरडी. सातकर पुढं, मी छत्रीचा टेकू घेत मागं. मी दोनदा घसरले आणि दोन्ही वेळा त्यांना शिव्या घातल्या.

कोंडीभाऊ घरासमोर इरल्याच्या काड्या बांधत बसले होते. उठले, या म्हणाले, आत जाऊन दोघांना पाणी आणून दिलं. रागावल्यासारखं काहीच नाही, आणि त्यानंच मला जास्त अवघडल्यासारखं झालं. सातकरांनी पिशवीतून कागद काढून पुढं केला. म्हणाले, कोंडीभाऊ, तुम्ही खरे होता, चूक माझी निघाली. हे साहेबांच्या सहीचं पत्र. तुम्हाला परत बोलावलंय, कायमच करून.

कोंडीभाऊंनी कागद हातात घेतला नाही. शिक्का बघितला, इंग्रजी ओळी बघितल्या. म्हणाले, "मला वाचता येत न्हाई. तुमीच वाचा. पर जरा दम धरा."

मग त्यांनी बायकोला हाक मारली. तिनं शेजारणीला. कुणीतरी पोरं पिटाळली. बघता बघता अंगणात पंधरा-वीस माणसं जमली, कुणी खाचरातून तशीच चिखलाच्या पायांनी, कुणी कडेवर मूल घेऊन. सातकरांनी वाचायला सुरुवात केली. इंग्रजी कागदावर नजर ठेवून ते आपल्या कान्ह्याच्या बोलीत सांगत गेले, एकेक वाक्य.

"मशीन बंद पडत हुतं ते हवेनं न्हाई. कोंडिबा साबळे यांनी हवा कोरडी ठिवली हुती. कागदावरली रेघ खरी हुती, त्यांनी पेनला हात लावला न्हाई. चूक मशीनच्या मुकादमात हुती, आन ती म्या केलती. तपास न करता म्या त्यांच्या इरोधात सही केली. ती सही खोटी."

कोंडीभाऊंची मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. एका म्हाताऱ्यानं शेजारच्याला हळूच विचारलं, ह्योच का त्यो सायेब? सातकरांनी कागदाची घडी घालायला घेतली. तोच कोंडीभाऊंनी हात वर केला.

"पुन्यांदा वाचा," ते म्हणाले. "वरल्या आळीची मान्सं आत्ता आल्याती."

आवाजात ना रुसवा होता, ना उपकार. सातकरांनी घडी उलगडली आणि पहिल्यापासून वाचलं. ते संपतंय तोवर खालच्या बाजूनं आणखी तिघं-चौघं येताना दिसली आणि कोंडीभाऊ त्यांच्या वाटेकडं बघत थांबले. माझी गाडीची वेळ होत आली होती. मी खूण केली. सातकरांनी मानेनंच, तुम्ही व्हा पुढं, असं सांगितलं. मी कोंडीभाऊंना नमस्कार केला आणि निघाले.

वाडीबाहेरच्या वळणावर सरी पुन्हा सुरू झाल्या, म्हणून छत्री उघडायला थांबले आणि मागं वळून पाहिलं. माणसं वळचणीला सरकली होती. सातकर अंगणाच्या मधोमध उभे होते, डोक्यावर कुणीतरी धरलेलं इरलं, दोन्ही हातांत कागद. शेवटी पोचलेल्या माणसांनी आपापली जागा घेतली, कोंडीभाऊंनी मान हलवली, आणि ते पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले.